खोडदच्या तबकडीची मान

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही. हवी तर पैज लावा. बेल्ह्याच्या बैलबाजारात मी उभा जन्म दलाली केली. त्यातून एवढंच कळलं, की खऱ्या बैलाला खरा म्हटलं की गिऱ्हाईक लगेच त्याचा जबडा उघडून दात मोजायला बसतं. तेव्हा खरं सांगून पटवणं हा आपला धंदाच नव्हे. तरी सांगतो. दात ज्याचे त्यानं मोजावेत.

आमच्या गावात डॉक्टर अक्षदा मॅडमचा दवाखाना आहे. बाई हुशार, हाताला गुण, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वभावानं गोड. डॉक्टरनं जरा खेकसावं, म्हणजे माणसं किरकोळ दुखणं घरी ठेवून येतात. ह्या बाई कुणाला नाही म्हणत नाहीत. त्यामुळे लोक घरातलं सगळं दुखणं गोळा करून आणतात, आणि स्वतःचं संपलं तर शेजाऱ्याचं.

बाईंचा जेवणाचा डबा रोज यायचा आणि रोज तसाच राहायचा. तो शेवटी दवाखान्याच्या मांजराला मिळायचा. त्यावर ते मांजर इतकं माजलं, की दिवेलागणीला गल्लीतून निघालं की लोक फॉरेस्टवाल्यांना फोन करायचे, बिबट्या आला म्हणून. एकदा फॉरेस्टवाले पिंजरा घेऊन आले. त्यांनी मांजर पाहिलं आणि पिंजरा लहान पडेल म्हणून परत गेले.

मी खोकल्यासाठी गेलो होतो, तेव्हा जुन्या सवयीनं बाईंकडे जनावर बघतात तसं पाहिलं.

"मॅडम, राग मानू नका," म्हटलं, "पर हे जनावर म्या बाजारात उभं केलं नसतं."

त्या हसल्या. "का हो बाबा?"

"डोळे खोल गेल्यात. मान फुडं आल्या. आन रवंथ बंद हाये. रवंथ बंद पडलेल्या बैलाला आमच्यात कुणी हात लावत न्हाई."

"बाबा, खोकला तुम्हाला झालाय," असं म्हणून त्यांनी औषध लिहून दिलं. मेडिकलमध्ये गेल्यावर कळलं, की चिठ्ठीवर रुग्णाचं नाव म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं. मी ते औषध घेतलं आणि बरा झालो. त्यांचं तेवढं राहूनच गेलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. दवाखान्याच्या ओट्यावर बाक आणि बाकावर गर्दी. पहिला नंबर साळुबाईचा. माझ्याच वयाची, गुडघ्यानं बेजार, सकाळपासून डोळे मिटून मिश्री लावत बसलेली. तिच्याशेजारी शांतीलाल शेठ, आमच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानाचे मालक, बीपी तपासायला आलेले. माणूस इतका सरळ, की मीटरभर कापड मागितलं तर बोटभर जास्तच फाडून देईल. मग सूरज. टोमॅटोची पिकअप चालवतो, अंगठ्याला नखुर्डं झालेलं आणि जिवाला घाई. मी औषधाला नव्हतो. मी दुपारी तिथं बसतो, कारण त्या ओट्यावर कडुनिंबाची सावली पडते आणि माणसं आयती जमलेली असतात.

तेवढ्यात आतून मंगल आली. मंगल म्हणजे दवाखान्यातली नर्स. दार ओढून घेत तिनं मोठ्यानं जाहीर केलं, "मॅडम व्हिजिटला गेल्यात. बसा समद्यांनी." आणि पाण्याच्या माठापाशी मला खूण करून बोलावलं.

"तात्या," ती कुजबुजली, "मॅडम खुर्चीतच झोपल्यात, टेबलावर डोकं टाकून. रातभर बाळंतपण, सकाळी इंचू चावलेला माणूस. आज श्रेयाचं गॅदरिंग हाये पेठला. चारला निघायलाच पायजे."

"मग निघू दे की."

"मागच्या आठवड्यात गाडी चालवता चालवता डोळा लागला त्यांचा. रस्त्याकडंच्या दगडाला घासली गाडी. घरी कुणाला बोलल्या न्हाईत. आता जरा झोप झाली न्हाई, तर म्या चावी देनार न्हाई. आन चावी न्हाई दिली, तर पोरगी स्टेजवरनं आईला शोधंल."

श्रेया म्हणजे मॅडमची मुलगी. पेठ गावी आजीजवळ असते. नाटकात ती झाड होणार होती. झाडाला बोलायचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं. पण झाडालासुद्धा आई समोर लागते.

"ही मानसं दाराला हात लावनार," मंगल म्हणाली. "एक जरी आत घुसला, तरी मॅडम उठून त्येला तपासनार. मग दुसऱ्याला. मग झालंच. तात्या, चार वाजेस्तवर काय तरी करा."

मी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बाकावर येऊन बसलो.

मी तोंड उघडायच्या आतच सूरज म्हणाला, "तात्या, व्हिजिटला गेल्या म्हनं. मग गाडी हितं कशी?"

गाडी खरंच कडुनिंबाखाली उभी होती. एका बाजूला रंग खरवडलेला.

"गाडी न्हेली न्हाई," मी म्हटलं. "बैलगाडीनं गेल्यात."

"बैलगाडीनं? कुठं?"

आता बैलगाडीनं जायचं म्हणजे जागा तशी पाहिजे. मी पूर्वेकडं पाहिलं, पश्चिमेकडं पाहिलं. मग म्हटलं, "खोडदला. तबकडी बघायला."

खोडदच्या तबकड्या, म्हणजे तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना, इथं शेंबड्या पोरालाही माहीत. शेताशेतांतून उभ्या आहेत, घराएवढ्या नव्हे, वाड्यावस्तीएवढ्या. आभाळाकडं तोंड करून रात्रंदिवस ताऱ्यांचं ऐकत असतात. तिथं गेलं की मोबाईल बंद ठेवायला लावतात, कारण त्यांचे कान फार तिखट.

"एका तबकडीची मान आखडल्या," मी म्हटलं. "कालपासनं एकाच ताऱ्याकडं बघतीया. हलना. शास्त्रज्ञ लोकांनी तेल घातलं, शेक दिला, कायबी उपेग न्हाई. म्हून मॅडमना बोलावणं आलं."

शांतीलाल शेठनी चष्मा पुसला. "गेणूभाऊ, तबकडीला मान कुठून आली?"

"शेठ, तुमच्या दुकानातल्या टेबलफॅनला मान हाये का न्हाई?"

शेठ विचारात पडले. "आहे खरी."

"आखडती का न्हाई?"

"आखडते. एकाच गिऱ्हाइकाला वारा लागतो."

"मग?"

शेठनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. खोटं पचवायचं तर त्यात थोडा टेबलफॅन पाहिजेच.

"आन तिथं गाडी चालत न्हाई," मी सुरू ठेवलं. "इंजिनाचा आवाज झाला की तबकडीला तारा ऐकू येत न्हाई. म्हून बैलगाडी. बैलांच्या घुंगरमाळाबी काढून ठिवल्या. मॅडमनी चपलासुदिक हितंच सोडल्या. त्या बघा."

दारापाशी मॅडमच्या चपला पडल्या होत्या. त्या माझ्या नजरेला आल्या त्याच क्षणी मी त्यांची सोय लावली.

सूरज काही भोळा नव्हता. त्यानं खिशातून फोन काढला. "म्या इचारतोच मॅडमना, किती येळ लागंल."

आणि आत, दाराच्या पलीकडे, मॅडमचा फोन वाजायला लागला.

मंगल वाऱ्यासारखी आत गेली. फोन दोनदाच वाजला. मी कान टवकारून बसलो. आतून खुर्ची करकरली, कुणीतरी सुस्कारा टाकला, आणि मग शांत. माझ्या जिवात जीव आला.

"आँ?" सूरज म्हणाला. "फोन तर हितंच हाये!"

"मंग? तिथं मोबाईल बंद ठेवायला लावत्यात का न्हाई?"

"लावत्यात."

"चालू फोन घेऊन गेल्या असत्या, आन तू मधीच केला असता, तर ती तबकडी आयुष्यभर तुझ्या नखुर्ड्याकडं बघत बसली असती. ठेव त्यो खिशात."

सूरजनं फोन खिशात ठेवला.

आता तबकडीला तपासणं आलं. मी सांगितलं, की मॅडम शिडी लावून वर चढल्या, नळी लावली आणि म्हणाल्या, मोठा श्वास घ्या. तबकडीनं घेतला. त्या वाऱ्यानं खोडदच्या कांद्याची पात जी आडवी झाली ती अजून उठलेली नाही. मग मॅडमनी विचारलं, काय होतंय? तबकडी म्हणाली, काही नाही हो, समद्यांचं ऐकून ऐकून मान दुखते. हा तारा म्हणतो माझं ऐक, तो म्हणतो मी लांबून आलोय, माझं आधी. रात्र नाही, दिवस नाही. कुणालाही नाही म्हणता येत नाही.

"बिचारी," शेठ म्हणाले.

"मंग मॅडमनी काय दिलं?" सूरजनं विचारलं. "इंजेक्शन?"

"न्हाई. त्या म्हनल्या, जिचं काम ऐकायचं हाये, तिला मधी मधी कायबी न ऐकायची मुभा पायजे. न्हाई तर तिला खरं काय आन खरखर काय, हेच कळायचं न्हाई. आठवड्यात एक दुपार तोंड जमिनीकडं करून गप पडायचं. तारे कुठं जात न्हाईत."

हे मी थट्टेनं म्हणालो नव्हतो. आणि कुणी हसलंही नाही. साळुबाईनं तेवढा एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

इतक्यात शेठना हात धुवायचे होते. नळ दवाखान्याच्या मागच्या अंगाला, आणि नळासमोर खिडकी. मी थांबवायच्या आत ते गेले. परत आले तेव्हा चेहरा असा, की आठ आणे सापडले आणि कुणाला परत द्यावेत कळत नाही.

"गेणूभाऊ," त्यांनी तोंड उघडलं, "मॅडम तर आत..."

मी त्यांचा हात धरला आणि वरून टॉवेल टाकला.

ज्यांनी बेल्ह्याचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दोघांचे हात कापडाखाली जातात, बोटं दाबून भाव ठरतो, आणि भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. शेठनी बैल कधी घेतला नव्हता. पण जन्म बेल्ह्यात गेलेला, बोटांची भाषा त्यांना कळत होती.

मी त्यांचा अख्खा पंजा दाबला. म्हणजे तासभर.

शेठनी एक बोट दाबलं. म्हणजे दहा-बारा मिनिटं, एवढंच. मागं दुकान उघडं आहे.

मी परत पंजा दाबला आणि दुसऱ्या हातानं खरवडलेल्या गाडीकडे बोट केलं. मग मंगलकडे. मग हवेत एक झाड काढून दाखवलं, लहानसं. श्रेया झाड होणार हे मॅडमनी कौतुकानं गावभर सांगितलेलं होतं.

शेठ गाडीकडे पाहत राहिले. त्यांची स्वतःची नात त्याच वयाची, समृद्धी. हळूच त्यांनी माझी सगळी बोटं मुठीत घेतली आणि गच्च दाबली. सौदा झाला. आयुष्यात एवढा सरळ सौदा मी केला नव्हता. माल दोघांनाही दिसत होता आणि दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

टॉवेल निघाला. सूरज आमच्याकडे बघत होता. "शेठ, काय म्हनत व्हता? मॅडम आत काय?"

सरळ माणसाला खोटं बोलायला लावणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपणं. शेठना घाम फुटला.

"मॅडम... आतल्या रस्त्यानं गेल्या," ते म्हणाले. "मी सकाळी दुकानातून पाहिली ती बैलगाडी. मोठी होती. चार बैल होते."

"गाडीला चार बैल?" सूरज म्हणाला.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात त्यांना हात जोडले.

"दोन जुपायला," मी म्हटलं, "आन दोन बदलीला. निम्म्या वाटंत पहिले सोडायचे, दुसरे जोडायचे. बैलाला बदली लागतीच, राव. एकाच जोडीला खोडदपतोर जाऊन येऊन हाकलं, तर बैलवाल्याला बाजारात कुणी राम राम घालत न्हाई."

"मंग डॉक्टरला का न्हाई बदली?" सूरजनं एकदम विचारलं.

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे खोटं नव्हतं. मी गप्प बसलो, आणि नेमकी तीच शांतता आमच्या मुळावर आली. कारण त्या शांततेत आतून घोरणं ऐकू आलं.

बारीक नव्हे. रातभर जागलेल्या माणसाचं. दाराची कडी हलायची, माठावरचं भांडं थरथरायचं. निंबावरचे कावळे उठून समोरच्या चिंचेवर जाऊन बसले.

"ह्ये काय?" सूरज म्हणाला.

"गुण आला," मी म्हटलं. "तबकडी झोपली. ती घोरतीया."

"खोडदला घोरतीया आन बेल्ह्यात ऐकू येतंय?"

"तिला लाख कोस लांबचा तारा हितं ऐकू येतो, आन तुला खोडदचं घोरणं बेल्ह्यात ऐकू येऊ ने?"

सूरजनं दाराकडं पाहिलं, चपलांकडं पाहिलं आणि तो उठला. शेठही उठले. त्यांनी सूरजचा हात धरून त्यावर आपला रुमाल टाकला आणि बोटं दाबायला सुरुवात केली.

"शेठ," सूरज घाबरून म्हणाला, "अंगठा दुखतोय माझा. हात का धरताय?"

तरण्या पोरांना बाजाराची भाषा उरलेली नाही. शेवटी शेठनी त्याचा फोन मागून घेतला, एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप केलं आणि त्याच्यापुढे धरलं. सूरजनं वाचलं. गाडीच्या खरवडलेल्या बाजूकडं पाहिलं. मग ओट्यावरून उतरला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बाजारातून परतणारे टेम्पो हॉर्न मारायला लागले, की तो दुखरा अंगठा वर करून त्यांना थांबवायचा आणि ओठांवर बोट ठेवायचा. टेम्पोवाले हॉर्न सोडाच, गिअरसुद्धा हळूच टाकायचे. शेवटी शेठ मला म्हणाले, की टेम्पोतल्या म्हशीदेखील चवड्यांवर उभ्या आहेत. शेठ फार लवकर शिकले.

राहिली साळुबाई. तिचा हात टॉवेलाखाली धरायचा म्हणजे ह्या वयात गावानं मला वाळीत टाकलं असतं. आणि कानात सांगावं, तर तिला हळू बोलणं माहीत नाही. तिनं वावरात हाक मारली की पलीकडच्या शिवारातला नवरा कामाला लागतो. तेव्हा मी तिला सोडून दिलं आणि तिच्यासमोर तबकडीच्या घोरण्याचे प्रकार सांगत राहिलो. ती मिश्री लावत राहिली. पहिला नंबर तिचा होता आणि दारापासून सगळ्यात जवळ तीच.

चार वाजायला आले तसं घोरणं थांबलं. आत खुर्ची सरकली, नळ सुटला. दार उघडलं आणि मॅडम उंबऱ्यात आल्या. केस विस्कटलेले, पायात काही नाही. पण डोळे, देवाशप्पथ, डोळे पाणी पाजून आणलेल्या जनावरासारखे निवळ.

मंगलनं चावी पदराखाली धरली होती. ती पुढं झाली.

"मॅडम," मी घाईनं म्हटलं, "मागल्या दारानं आलात व्हय? कसा हाये पेशंट?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मंगलकडे पाहिलं. त्या हुशार आहेत हे मी आधीच सांगितलं आहे.

"बरा आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

"मान?"

"मान... सुटली."

"आणि बैल?" शेठनी उत्साहानं विचारलं. "चारही?"

"चारही," मॅडम म्हणाल्या.

इथंच गोष्ट संपायची. पण त्यांनी बाकावरची माणसं पाहिली आणि चेहऱ्यावर ते जुने, गोड, नको ते भाव आले. मनगटावरच्या घड्याळाकडे एक नजर टाकून त्यांनी हात खाली घेतला. "किती वेळ थांबलात सगळे. चला, पटकन बघते सगळ्यांना. साळुबाई, पहिला नंबर तुमचा ना? या आत."

मंगलचा चेहरा पडला. शेठनी टॉवेल शोधला. पुढं मांडायला माझ्याकडे ना बैल होता, ना तबकडी.

साळुबाई बाकाचा आधार घेत उठली. दोन पावलं टाकून मॅडमच्या समोर उभी राहिली, आणि आत जायचं सोडून त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मॅडमच्या गालावर तपासायच्या नळीच्या चकतीचा गोल लाल शिक्का उठला होता, बाजारात जनावराला मारतात तसा.

साळुबाई माझ्याकडे वळली. आवाज खोडदपर्यंत गेला असेल, तबकड्यांनी ऐकला असेल.

"गेण्या, मेल्या, समदं खोटं! कुठली तबकडी आन कुठली बैलगाडी! ह्यो छापा काय आभाळातनं पडला व्हय गालावर? आत झोपली व्हती माझी बाय, मला पहिल्या घोरण्यापासनं ठावं हाये! बैलालाबी पोळा असतोय, हिला न्हाई व्हय? मंगल, दे ती चावी! आन तू गं, उभी काय ऱ्हायलीस? लेक वाट बघतीया, जा पेठला. माझा गुडघा कुठं पळून जात न्हाई, उद्याबी दुखंल! चपला घाल आधी!"